धूरपट्टी

"पाच उंबरं! सकाळपासून फक्त पाच!" ढोलीच्या फटीतून धनेशीण कडाडली. "आणि चोचीला वास कसला येतोय तो?"

"अगं, आज वारा फार होता," बाहेरून धनेश म्हणाला.

"वाऱ्यानेच पंखाची पिसं उपटली वाटतं तुमची?"

त्या रानात धनेशांची रीत अशी, की अंडी घालायच्या वेळी मादीने ढोलीत शिरावं, तोंड चिखलाने लिंपून घ्यावं आणि चोच मावेल एवढी फट ठेवावी. आत तिच्या पंखांची पिसं गळून जातात. मग पिल्लं मोठी होईपर्यंत नराने आणलं तर खायचं, नाही तर उपाशी.

त्याच रानात एक ओंडका कित्येक पिढ्या धुमसत होता. त्याचा झुरका घेतला की घटकाभर भूक न् थकवा विसरायला होई. पुढे पाखरं खोकून खोकून फांदीवरून पडू लागली, तेव्हा राजाने ओंडका नदीपलीकडच्या कातळावर हलवला आणि धूरपट्टी बसवली. आधी झुरक्याला पोटाखालची लव चाले, मग छातीचं पीस लागू लागलं, आणि यंदापासून पंखाचं.

पट्टीचा गुण आला, हे खोटं नाही. पाणकावळ्याने धूर सोडला आणि तो पुन्हा मासे धरू लागला. नवी पाखरं तिकडे फिरकेनाशी झाली. धनेशही दिवसाच्या वीस झुरक्यांवरून एकावर आला. तो एक मात्र सुटेना. पीस गेलं की उडणं जड, म्हणून उंबरं कमी, म्हणून ढोलीतून बोलणी. आणि बोलणी खाल्ली की हा पुन्हा कातळावर.

"पाणकावळ्याला जमलं ते तुम्हाला का जमत नाही?"

"राजाला एवढी काळजी आहे, तर ओंडका विझवत का नाही? पिसं घेणारा कोतवालच रोज त्यात सुकं लाकूड सारतो. राजाचं घरटं बघ जाऊन, कसं मऊ झालंय!"

"राजाला काय सुनवायचं ते मी बाहेर आल्यावर सुनवीन. आत्ता माझी दोन पिल्लं चोच वासून बसलीत, त्यांचं बोला."

धनेशाने पंख पसरला. त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"आणखी एक गेलं, तर मला नदी ओलांडता यायची नाही," तो हळूच म्हणाला. "तुझी गळलेली आत पडूनच आहेत ना? त्यातलं एक दे. माझं वाचेल, उंबरं जास्त आणीन. उद्यापासून बंद, तुझी शपथ."

उघडी पिल्लं त्याच पिसांवर बसली होती.

मग फटीतून एक पीस बाहेर आलं. मागोमाग दुसरं. मग पिल्लांच्या अंगाखालची, अजून ऊबदार असलेली, सगळीच.

"घ्या," धनेशीण म्हणाली, "पिल्लांना पिसं फुटली, की तीही याच फटीतून देईन."