भाऊसाहेबांचा खास माणूस

चिंचणवाडीत सोपान नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेला शब्द तो कधी मोडत नसे, आणि सांगितल्यापलीकडे डोकंही चालवत नसे. प्रत्येक हुकमासाठी उपरण्याला एक गाठ मारायचा, म्हणजे विसरायला नको. या गुणापायी त्याची आजवरची सगळी कामं सुटली होती. शेवटी त्याच्या आईने, गोदामायने, बजावलं की आता हे काम घालवलंस तर घराची पायरी चढू नकोस.

हे काम म्हणजे सरपंच भाऊसाहेब टेकवडे यांच्याकडचं. निवडणूक तोंडावर आली होती, आणि भाऊसाहेबांना सांगू तेवढंच करणारा माणूस हवा होता. निवडून आलो की तुला गावाचा पाणीवाला करतो, कायमचा, असं त्यांनी कबूल केलं. सोपान हरखून गेला.

गावात वरची आळी आणि खालची आळी अशा दोन आळ्या होत्या, आणि दोघींत मिळून एक टाकी. टाकी पाण्याने भरलेली, नळ मात्र कोरडे. कारण पाणी सोडायची लोखंडी चावी भाऊसाहेबांच्या माजघरात खुंटीला होती. गावाला हे ठाऊक नव्हतं. गावाला भांडणातून सवड कुठे होती! आणि गाव भांडत असलं की भाऊसाहेब हमखास निवडून येत.

पहिल्याच दिवशी भाऊसाहेब म्हणाले, वरच्या आळीला सांग, तुमचं पाणी खालची आळी पळवते. खालच्या आळीला सांग, तुमचं पाणी वरची आळी अडवते. सोपानने दोन गाठी मारल्या आणि तो पारावर गेला. तिथे दोन्ही आळ्यांची माणसं बसलेली. त्याने सगळं इमानेइतबारे सांगितलं, आधी यांना, मग लगेच त्यांना.

खालच्या आळीतली म्हातारी सरूआक्का म्हणाली, "मग खरं काय रं, सोपाना?"

"ते सांगायला सांगितलं नाही," सोपान म्हणाला.

दोन्ही आळ्यांनी क्षणभर विचार केला, आणि आपापल्या सोयीचं तेवढं खरं धरून भांडणाला सुरुवात केली. भाऊसाहेब वाचले. पण त्यांनी सोपानला झापलं की एका आळीला सांगितलेलं दुसरीला कधी कळू द्यायचं नाही. सोपानने गाठ मारली.

मग भाऊसाहेबांनी गावजेवण घातलं आणि सोपानला आमंत्रण द्यायला धाडलं. त्याने वरच्या आळीला घरोघर सांगितलं. खालच्या आळीला अजिबात कळू दिलं नाही. रश्शाचा वास खालच्या आळीत गेला तेव्हा तिथे चुली थंड आणि डोकी गरम होती. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे, चांगली गोष्ट असली की ती हलगी वाजवून सगळ्या गावाला सांगायची असते. सोपानने गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब माजघरात आपल्या मेहुण्याशी बोलत बसले होते. मतदान होईपर्यंत चावीला हात लावायचा नाही, असं ठरलं. मेहुणा मान डोलवत म्हणाला, "ही चांगली गोष्ट झाली."

सोपान दाराशीच उभा होता. चांगली गोष्ट म्हटल्यावर तो थांबतो कसला! हलगी गळ्यात अडकवून त्याने सारं गाव पालथं घातलं. "ऐका हो ऐका, चावी भाऊसाहेबांच्या खुंटीला आहे. मतदानापर्यंत पाणी सुटणार नाही."

भाऊसाहेब धावत आले. हात जोडून म्हणाले, पोरगा भोळा आहे, त्याला कुणीतरी पढवलंय. कुणीतरी म्हणजे खालची आळी, हे वरच्या आळीला लगेच पटलं. खालच्या आळीलाही नाव सुचायला वेळ लागला नाही. फक्त सरूआक्का विचारत राहिली की ते समदं ऱ्हाऊ द्या, चावी कुठं हाय?

घरी आल्यावर भाऊसाहेबांनी सोपानचा कान धरला.

"नीट ऐक. प्रश्न विचारणारा माणूस गावाचा वैरी. उद्याच्या सभेत कुणी प्रश्न विचारला की धरायचा दंड आणि न्यायचा बाहेर. मग तो कुणी का असेना. यात चुकलास तर तुझं काम गेलं म्हणून समज."

सोपानला आईची पायरी आठवली. त्याने गाठीवर गाठ मारली.

सभेला गाव लोटलं. मधे दोर, अलीकडे वरची आळी, पलीकडे खालची. सोपान व्यासपीठाशी डोळ्यांत तेल घालून उभा. भाऊसाहेबांनी घसा साफ केला, हात उंचावला आणि गर्जना केली, "माझ्या बंधुभगिनींनो, मी तुम्हाला विचारतो, या गावाला टाकी कुणी दिली?"

सोपान चटकन वर चढला आणि त्याने भाऊसाहेबांचा दंड धरला.

"अरे, हे काय करतोस?" भाऊसाहेब ओरडले.

हा दुसरा प्रश्न. सोपानने पकड घट्ट केली आणि त्यांना मांडवाबाहेर नेलं.

"मूर्खा, मी कोण आहे ठाऊक आहे का?"

सोपानने त्यांना वेशीबाहेर नेलं.

इकडे व्यासपीठ रिकामं. सरूआक्का उठली आणि तिने आपला जुनाच प्रश्न विचारला. तिला बाहेर काढायला कुणी नव्हतं, सोपान कामात होता. दोन्ही आळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, दोर ओलांडला आणि सगळे मिळून भाऊसाहेबांच्या माजघराकडे निघाले.

तिकडे ओढ्यापलीकडे भाऊसाहेब रडकुंडीला आले होते. "बाबा रे, आणखी कुठवर नेणार आहेस?"

सोपानने उसासा टाकला आणि पुढच्या गावाची वाट धरली. मनातून मात्र तो खूश होता. आज पहिल्यांदाच त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं. आता नोकरी पक्की.