पन्नास वेळा पडलेला फोन

एकदा एका नामांकित कारखान्यात एक वयोवृद्ध परीक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कारखाना फोन बनवी, तेही बड्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी. नवा नमुना आला की मास्तर तो स्वतःच्या हाताने दहा वेळा फरशीवर टाकत. शाबूत राहिला, तरच त्याला कारखान्याचे नाव मिळे.

मास्तरांच्याच हाताखाली शिकलेल्या रेवतीवर मालकांनी नवे काम सोपवले : सामान्य माणसाला परवडेल असा फोन. तिने तो जीव ओतून घडवला. कारखान्याचे नाव मात्र मागच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत ठेवले. स्वस्त फोनवर आपले नाव पाहून बडे ग्राहक नाक मुरडतील, ही तिला धास्ती. विक्रीची तारीख जाहीर झाली होती. राहिला होता फक्त मास्तरांचा होकार.

मास्तरांनी फोन दहा वेळा टाकला. काही झाले नाही. रेवतीने हात पुढे केला, तोच त्यांनी तो अकराव्यांदा टाकला. मग बोटांना पीठ माखून टाकला, ओल्या हाताने टाकला.

"मास्तर, पुरे की! महागड्याला दहा, मग या बिचाऱ्याला किती?"

"पन्नास."

एकेचाळिसाव्या वेळी काचेला तडा गेला.

"झालं समाधान?" रेवतीने तडा गेलेला फोन उचलला. "हुकली तारीख."

"हुकू दे, पोरी," मास्तर शांतपणे म्हणाले. "साहेबाचा फोन फुटला तर दुपारपर्यंत कचेरी त्याला दुसरा देते. हा ज्या बाईच्या हाती जाईल, तिच्याकडे दुसरा नसेल. ती वर्षभर मन मारून हा एकच घेणार, आणि आपल्या नावावर विसंबून घेणार. इतका विश्वास आजवर कुठल्या साहेबाने टाकलाय आपल्यावर?"

रेवती तो फोन घेऊन आपल्या कामाच्या मेजाकडे वळली. तीन महिने तिने काच, कडा, सांधे पुन्हा घडवले. नवा नमुना पन्नास वेळा पडून उठला, तेव्हा मास्तरांनी होकार दिला. नावाची अक्षरे तेवढी बारीकच राहिली.

फोन बाजारात आला. काही महिन्यांनी मास्तर तिला घेऊन आठवडी बाजारात गेले. भाजीवालीच्या पाटीत, मेथीच्या जुड्यांना टेकून तोच फोन उभा होता. त्यावर जाड रबरी आवरण होते, आणि आवरणाच्या कोपऱ्यात कात्रीने कापलेली एक वेडीवाकडी खिडकी.

"मावशी, हे का कापलंत?" रेवतीने विचारले.

"नाव दिसाया नको व्हय?" मावशी ठसक्यात म्हणाली. "मोठ्या साहेबांकडं असतोय तसला हाय! दोनदा पाटीवरनं पडला, काय बी झालं न्हाई. पर एवढं बारीक कुणी लिवलंय कुणास ठाऊक! शेजारणीला दावलं तर म्हणती, दिसतच न्हाई."

रेवतीने वळून पाहिले. मास्तर मान खाली घालून मेथी निवडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नव्या खेपेचा आराखडा समोर घेतला आणि कोपऱ्यातले नाव उचलून पाठीच्या मधोमध आणले. अक्षरे चांगली ठळक, शेजारणीलाही दिसतील अशी.