चंद्रीचं लंगडणं

फार वर्षांपूर्वी राणोजीने आपली चंद्री घोडी विकून देण्यासाठी कासीम उस्तादांकडे ठेवली. उस्ताद घोड्यांना चाल शिकवत आणि गिऱ्हाईकही बघून देत. 'विकलेच गेले नाही, तर धनी घरी नेतील,' असं चंद्रीला वाटलं. म्हणून गिऱ्हाईक दिसलं की ती लंगडायची.

शेजारचं म्हातारं खेचर म्हणालं, "अगं, चांगलं घर हातचं घालवशील."

"मला घर आहे," चंद्री म्हणाली.

दिवाळीनंतर राणोजी आला, तो नव्या घोड्यावर बसून.

"लंगडीला कुणी घेत नाही," उस्ताद म्हणाले.

"मग वीटभट्टीवर देऊन टाका, उस्ताद." राणोजीने घोडा वळवला.

चंद्री कुंपणापर्यंत सरळ, भरधाव धावली. "धनी, बघा, मी धड आहे!"

राणोजीला नुसतं खिंकाळणं ऐकू आलं. नव्या घोड्याने मात्र मान खाली घातली.