तिसऱ्या अंकातला पडदा

मध्येच पडदा पडला म्हणून उठू नका, काही बिघडलेलं नाही. आमच्या आंबेखोलच्या देवीपुढचं नाटक दर उत्सवाला तिसऱ्या अंकात असंच थांबतं. पाहुणे दरवर्षी चुळबुळतात आणि मी दरवर्षी सांगतो. आता सांगूनही दमलो, पण बसा.

फार पूर्वी गावात पटकीची साथ आली, तेव्हा नवस बोलले म्हणे. दरवर्षी देवीपुढे नाटक करू, आणि एकदा नांदी, म्हणजे सुरुवातीची प्रार्थना झाली की शेवटापर्यंत नेऊ, मध्ये मोडणार नाही. नवस बोलले सगळे, फेडत होता मात्र एकटा जिवाजी मेस्त्री. गावात वाचता येणारा तो एकच, म्हणून तो प्रॉम्प्टर. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशाला, वही घेऊन बसायचा आणि हळू आवाजात ज्याचं त्याला वाक्य सांगायचा. नट पाठांतर करतच नसत. जिवाजी सांगेल ते मोठ्याने म्हणायचं, एवढंच त्यांचं काम.

एका वर्षी त्याची बायको सगुणा अंथरुणाला खिळली होती. यंदा मला सोडा, म्हणून जिवाजीने मानकऱ्यांचे पाय धरले. मानकरी म्हणाले, देवी कोपेल. बिचारा जाऊन बसला.

तिसऱ्या अंकात शेजारीण विंगेत आली आणि त्याच्या कानाशी लागली. जिवाजीने वही मिटली. "ती वाट बघता. माका आता सोडा," तो पुटपुटला. समोर राजाच्या वेशात भिकाजी राणे उभा होता. त्याने नेहमीसारखा तलवारीवर हात ठेवला आणि भरदार आवाजात म्हणाला, "ती वाट बघता. माका आता सोडा."

कोणी हसलं नाही, असं सांगतात. ती कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी मोठ्या मानकऱ्याची म्हातारी आईच बसल्या जागेवरून बोलली, "सोडा रे तेका. देवी पण बायलमाणूसच आसा." मग पडदा पाडला.

जिवाजी वेळेत पोचला की नाही, हे कोणी सांगत नाही. विचारायचीच गावाला लाज वाटली म्हणे.

आजही या अंकात पडदा पाडतात. ज्याच्या घरी कोणी आजारी असेल त्याने तेव्हा उठून जायचं, आणि कुणी काही विचारायचं नाही. गेल्या साली मी उठलो. पोचलो. आमची ही जागी होती. नाटक संपलं का, एवढंच तिने विचारलं. मी खोटं बोललो, संपलं म्हणालो.