तेविसावं मत

"पण गुरुजी, शेवटचं वाक्य दगड पडायच्या आधी म्हणायचं, की पडायला लागल्यावर?"

इद्दोनं खोगिरात पेंढ्याची एक मूठ कोंबली आणि अंगठ्यानं दाबून पाहिली.

"आधी," तो म्हणाला. "नंतर गलका फार होतो."

एल्याकीमला ते पटलं.

हे यहूदियातलं एक लहानसं शहर. यापोच्या बंदराकडे जाणारी गाढवं तिथून दिवसभर धूळ उडवत जायची आणि त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर म्हाताऱ्या इद्दोच्या हातची खोगिरं असायची. नासरेथचा येशू क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला, असं मानणारी उणीपुरी अकरा माणसं त्या शहरात होती. त्यांत इद्दो सगळ्यांत वडील, म्हणून तो गुरुजी. एल्याकीम सगळ्यांत हुशार. असं कोण म्हणायचं? एल्याकीम म्हणायचा.

मागच्या शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात शास्त्राचं वाचन चालू होतं. ऐन मध्यावर हा गडी बाकावर चढला. "पुस्तक मिटा, ज्याची वाट बघताय तो येऊन गेला!" असं ओरडला. पाठोपाठ यरुशलेमचं मंदिर पडणार, असंही सांगून टाकलं.

मग बाक मोडला.

बाकाचं कुणी मनावर घेतलं नसतं. मंदिराचं घेतलं. ईश्वरनिंदेचा आरोप आला. उद्या सकाळी शहरातल्या तेवीस वडीलधाऱ्यांच्या न्यायसभेपुढे उभं राहायचं होतं, आणि दोषी ठरला तर शिक्षा एकच, धोंडमार.

एल्याकीमनं सगळी तयारी केली होती. चांगला अंगरखा शेजाऱ्याला देऊन टाकला होता. भाषण तर असं रचलं होतं, की शंभर वर्षांनी लोकांनी म्हणून दाखवावं.

"ऐकता?"

"ऐकतो."

भाषण अब्राहामापासून सुरू झालं. इसहाकाच्या सुमारास इद्दोला डुलकी लागली. जाग आली तेव्हा इस्राएल लोक अजून वाळवंटातच होते.

"कसं वाटलं?"

"टिकाऊ आहे. पण भरती जरा जास्त झालीय. गाढवाला टोचणार नाही... पण दमेल."

एल्याकीमनं ते कानाआड केलं. "शेवट तर ऐका. शेवटी मी न्यायसभेतल्या एकेकाचं नाव घेतो, त्याचं पाप त्याच्या तोंडावर सांगतो आणि त्याला क्षमा करतो."

"सगळ्यांना?"

"बावीस जणांना."

सुई थांबली.

"तेविसावा कोण?"

"अमर्या. त्यांच्यातला सगळ्यांत धाकटा. माणूस बरा आहे हो. माझ्या आईला विहिरीवर घागर उचलू लागतो. त्याचं काही पाप मला ठाऊक नाही."

"शोध."

"अं?"

"बावीस जणांना वाढायचं आणि एकाला पंगतीतून उठवायचं... बरं दिसत नाही."

एल्याकीमला गहिवरून आलं. आपल्या भाषणाचा गुरुजी इतक्या बारकाईनं विचार करतायत! तो पाप शोधायला लागला, आणि शोधणाऱ्याला ते कधी मिळत नाही असं होत नाही. पाणी प्यायला उठला तोवर मिळालंसुद्धा.

"आणि आईला काय सांगू?" दारातून त्यानं विचारलं.

"तिला माझ्याजवळ बसव," इद्दो म्हणाला, आणि पुन्हा पेंढा कोंबायला लागला.

.

सभास्थानामागच्या अंगणात तेवीस वडील अर्धवर्तुळ करून बसले होते, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसावं. मधोमध त्यांचा प्रमुख योएजर. त्यानं आणि इद्दोनं लहानपणी एकाच पंतोजींच्या छड्या खाल्ल्या होत्या.

इद्दो काखेत अर्धं शिवलेलं खोगीर घेऊन आला. दारावरच्या शिपायानं अडवलं.

"आजोबा, ही न्यायसभा आहे!"

"म्हणूनच आणलंय. वेळ लागेल."

तो बायकांच्या कडेला, एल्याकीमच्या आईशेजारी टेकला. हदस्सा तिचं नाव. काल रात्रीपासून ती डोळे पुसत होती आणि सभेपुढे म्हणायचं एकच वाक्य घोकत होती. एल्याकीमला तिच्याकडे बघवेना. त्यानं मान ताठ केली. हुतात्म्यानं आईकडे बघायचं नसतं, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

पहिला साक्षीदार उभा राहिला, अंडी विकणारा हारीम.

"ऐकून ठेव," योएजर म्हणाला. "हा दोषी ठरला तर पहिला दगड साक्षीदारानं मारायचा."

"पहिला? म्हणजे मी?"

"तू."

"माझा हा खांदा धरलाय, बाबा."

"डाव्या हातानं मार."

हारीमनं डाव्या हाताकडे पाहिलं, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. "आता असं बघा... मी खांबाच्या मागं होतो. बाक मोडल्याचं नक्की ऐकलं. त्याआधीचं जरा..."

वडिलांच्या तोंडावर चक्क बरं वाटल्याचं दिसलं. त्या न्यायसभेचा रिवाजच असा, की आरोपीच्या बाजूनं काय बोलता येईल ते आधी धुंडाळायचं.

एल्याकीमला मात्र घाम फुटला. खटला हातचा जातोय!

"मी सांगतो काय बोललो ते!" तो ओरडला, आणि मंदिरासकट सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. ह्या खेपेला आणखी मोठ्यानं.

योएजरनं कपाळावर हात मारून घेतला. "झालं. आता तेवीस साक्षीदार झाले. बाळ, त्या दिवशी तुला ताप होता का?"

"नाही."

"ऊन लागलं असेल."

"सकाळ होती."

"बाकावरून पडलास तेव्हा डोक्याला मार..."

"पडलो ते बोलून झाल्यावर."

"मी मदत करतोय तुला," योएजर दातओठ खात म्हणाला.

"मला तुमची मदत नको! मला बोलू द्या!"

बोलू दिलं. कायदा होता, काय करतात?

अब्राहामाला सगळे नीट बसून ऐकत होते. मोशेला तिघं पेंगले. त्यांना जाग आली ती स्वतःची नावं कानावर पडल्यावर. ह्याची दाढी लांब आणि दानाचा हात आखूड. त्याचा उपवास फक्त लोकांदेखत. तिसऱ्यानं विधवेच्या शेतातला बांध चार बोटं सरकवला. आणि प्रत्येक नावानंतर एल्याकीम हात पुढे करून, डोळे मिटून म्हणायचा, "मी तुला क्षमा करतो."

"कशाची क्षमा?" एक म्हातारा तडकला.

"तुम्ही आता जे करणार आहात त्याची."

"अरे, आम्ही अजून काही केलेलं नाही!"

"म्हणून आगाऊ करतो."

लोक तोंडाला पदर लावून हसायला लागले. शेवटी पाळी आली अमर्याची. हा तरुण वडील मघापासून एल्याकीमच्या आईकडे बघून चुळबुळत होता. काहीतरी बोलावं असं त्याच्या तोंडावर आलेलं दिसत होतं.

"आणि अमर्या! घरात नवी नवरी आल्यापासून हा प्रार्थनेतला 'आमेन' दाराबाहेर पोचल्यावर म्हणतो. तुलाही मी क्षमा करतो!"

अंगण खदखदून हसलं. अमर्याचे कान लाल झाले. त्याचा सासरा त्याच बाकावर, त्याच्यापासून तिसरा बसला होता.

एल्याकीमनं श्वास घेतला. भाषण संपलं होतं. झकास झालं होतं. त्यानं हळूच गुरुजींकडे पाहिलं.

इद्दो सुईत दोरा ओवत होता.

.

लेखनिक उठला. निवाड्याआधी तीनदा पुकारायचं, असा नियम. "ह्या माणसाच्या बाजूनं कुणाला एक शब्द बोलायचा आहे?"

वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी खोकलं. बस्स.

एल्याकीमनं छाती पुढे काढली. आता गुरुजी उठतील, असं त्याच्या मनात होतं. काय बोलतील? हुशार म्हणतील. निदान धाडसी तरी.

"कुणाला एक शब्द बोलायचा आहे?"

इद्दो टाका घालत होता. मान खाली.

हुतात्म्यानं मान लांब करून पुन्हा गुरुजींकडे पाहिलं.

"शेवटचं विचारतो. कुणाला..."

हदस्सा उठली. म्हणजे उठायला गेली. तिच्याबरोबर खोगीरही उठलं आणि त्या ओझ्यानं ती मटकन खाली बसली.

म्हाताऱ्यानं तिच्या शालीचं टोक खोगिराला शिवून टाकलं होतं. जाड दोऱ्यानं, दुहेरी टाक्यानं.

"इद्दोकाका! हे काय केलंत?"

"हलू नको पोरी, टाका उसवेल."

"सोडा मला! मला बोलायचंय! माझा एल्या..."

"उलटा धागा ओढलास. थांब, आता गाठ बसली बघ."

"तुमच्या डोळ्यांना काही दिसतं की नाही? माझा लेक मरतोय आणि तुम्ही..."

"शांत बसा तिकडे!" शिपाई खेकसला.

लेखनिकानं तोवर लिहूनही टाकलं होतं, 'कुणी नाही.'

मतं सुरू झाली. धाकट्यापासून सुरुवात करायची, म्हणजे त्यानं थोरांची तोंडं बघून बोलू नये.

अमर्यानं सासऱ्याकडे पाहिलं नाही. हदस्साकडेही पाहिलं नाही. "दोषी."

तेव्हा मात्र एल्याकीमनं पुढे काढलेली छाती आत घेतली.

"दोषी." "दोषी." "दोषी."

त्यानं शेवटचं वाक्य आठवून पाहिलं. आठवडाभर घोळवलेलं वाक्य. आठवेना. आठवलं ते भलतंच... घराच्या धाब्याला माती लिंपायची राहिलीय. पाऊस आला की गळेल. आई एकटी वर चढेल, ह्या वयात.

त्यानं आईकडे पाहिलं. ती खोगीर मांडीवर घेऊन दातांनी दोरा तोडत होती. तुटत नव्हता.

"दोषी." "दोषी."

बावीस झाले.

राहिला योएजर. तो दाढी कुरवाळत बसला. त्यानं एल्याकीमकडे पाहिलं, हदस्साकडे पाहिलं, मग बराच वेळ आपल्या जुन्या सोबत्याकडे, इद्दोकडे पाहिलं.

इद्दो दोरा चाचपत होता.

"गुरुजी..." एल्याकीमच्या तोंडून निघून गेलं. आवाज फार बारीक होता. भाषणातला नव्हता.

इद्दोनं मान वर केली नाही.

"दोषी," योएजर म्हणाला. "आणि खरं सांगतो, म्हणताना मला जड गेलं नाही."

"तेवीस," लेखनिक म्हणाला. "विरुद्ध बाजूला एकही नाही."

हारीम आपला खांदा चोळायला लागला.

योएजरनं अंगावरची शाल सावरली.

"सोडा त्याला."

"काय?" एल्याकीम.

"घरी जा."

"मला दोषी ठरवलंत ना?"

"ठरवलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. म्हणूनच जा."

"हा अन्याय आहे!"

"हा कायदा आहे," योएजर म्हणाला. "तेवीस माणसं एकाच्या जिवाचा निवाडा करायला बसतात आणि एकाच्याही मनात त्याच्या बाजूचा एक शब्द येत नाही, तेव्हा आम्ही न्यायाला बसलेलो नसतो, रागाला बसलेलो असतो. रागाच्या निवाड्यावर आमच्यात दगड उचलत नाहीत. आमच्या वाडवडिलांनी घालून दिलंय ते. तुझ्या आईनं एक वाक्य म्हटलं असतं, तर हा अमर्या विरघळला असता. मग बावीस आणि एक. आणि आत्ता तू वेशीबाहेर खड्ड्यात असतास."

अमर्या जमिनीकडे बघत राहिला. विरघळला असता, ह्यात शंका नव्हती.

योएजर जाता जाता वळला. "आणि तो बाक दुरुस्त करून दे."

.

दुपारी इद्दोच्या दुकानात तिघं बसले होते. हदस्साची शाल खोगिरातून सुटता सुटत नव्हती. म्हातारा टाके चांगले घालायचा. ती मधूनच त्याला रागानं बघायची आणि मधूनच लेकाच्या डोक्यावरून हात फिरवायची.

एल्याकीम गुडघ्यात मान घालून बसला होता. जीव वाचला होता. भाषण वाया गेलं होतं. पण सलत होतं ते तिसरंच.

"तुम्हाला नियम ठाऊक होता. अमर्याला म्हणूनच भाषणात घ्यायला लावलंत," तो शेवटी म्हणाला.

इद्दो कात्री शोधत होता.

"ते कळलं मला. पण... त्या तेवीस जणांचं सोडा, त्यांना मी शिव्या घातल्या. तुम्हाला तर नाही ना घातल्या? तीन वर्षं तुमच्या पायाशी बसतोय. लेखनिकानं तीनदा विचारलं. तीनदा, गुरुजी! माझ्याबद्दल तुमच्याजवळ एकसुद्धा चांगला शब्द नव्हता?"

कात्री सापडेना. इद्दोनं खाली वाकून दोरा दातांत धरला, तोडला आणि शाल मोकळी करून हदस्साच्या हातात दिली.

"होता..." तो म्हणाला. "म्हणून तर तोंड उघडलं नाही."