दुसरा हिसका

सरदार रायाजीराव घोड्यावरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. पंचक्रोशीत हाडं बसवणारी एकच, ठकूबाई. ती आली, तिनं खांदा चाचपला आणि सवयीनं पुटपुटली, "जाखाई, तू बघ गं बाई."

तेवढ्यानं सरदारांचं डोकं फिरलं. "देव म्हणजे दुबळ्यांचं खूळ! हाड तू बसवणार, मग तो दगड काय करणार? सांग. सांगता आलं नाही, तर उद्या ते चिंचेखालचं जाखाईचं देऊळ पाडून टाकतो!"

नवरा गेला तेव्हा ठकूबाई त्याच दगडाला टेकून रडली होती. पण ती शांतपणे म्हणाली, "सांगते सरकार. आधी हात तर द्या."

तिनं त्यांच्या काखेत टाच रोवली आणि हात ओढला.

"आई गं!" सरदार कळवळून ओरडले.

"आईसाहेब कुठं असतात, सरकार?"

"त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

"मग हाकेसरशी आल्या का?"

ठकूबाईनं टाच तशीच रोवून ठेवली.

"हाड काही त्या बसवणार नाहीत. तरी कळ सोसताना तुम्हाला त्याच आठवल्या. आणि तुम्ही काही दुबळे नाही. माझी जाखाई तशीच आहे, सरकार. आता आणखी एक हिसका द्यायचाय. या खेपेला मात्र कुणाला हाक मारू नका."

सरदारांनी डोळे मिटले. तिनं हात धरला मात्र, त्यांच्या तोंडून अगदी हळू आवाज आला, "आई..."

हाक पुरी होईपर्यंत ठकूबाई थांबली. मगच तिनं हात ओढला.