गोंधळलेला तळ

चपला आणि पाय बोलत असत तेव्हाची गोष्ट. सत्ताप्पा कारागिरांनी स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या पायात नवी चप्पल घातली. पायाची टाच म्हणाली, "मऊ हो." बोटं म्हणाली, "वाकत जा." तळपायाची मधली कमान म्हणाली, "ताठ राहा, नाहीतर मी खचेन."

चपलेचा तळ पुरता गोंधळला. "सत्ताप्पा, मला कापून ठिगळं करा. तिघांचं ऐकणं माझ्याच्यानं होणार नाही."

सत्ताप्पांनी गिऱ्हाइकाला अंगणात चालायला लावलं. आधी टाच टेकली, मग कमानीवर भार आला, शेवटी बोटं वाकली. प्रत्येकाची जागा वेगळी, वेळही वेगळी.

सत्ताप्पांनी तळाला टाचेखाली मऊ थर दिला, मध्ये जाड ठेवलं, बोटांखाली तासलं.

"मग मघाशी तिघं एकदम का बोलत होती?" तळाने विचारलं.

"बसून होती ना," सत्ताप्पा म्हणाले.